उजेडाची बेरीज, रंगांची वजाबाकी: घरच्या घरी रंग समजून घ्यायची रीत

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये दुपारी पाच मिनिटं उभं राहा. कुणी पिशवीतून साडी काढतं, काउंटरमागचा माणूस थप्पीतले चार-पाच ब्लाउजपीस भराभर काठाला लावून दाखवतो, एक पसंत पडतो. मग ती बाई पदर आणि कापड दोन्ही हातांत धरून दुकानाच्या पायरीवर येते. दुकानदार अडवत नाही, उलट तोच म्हणतो, "ताई, बाहेर उजेडात बघून घ्या." आत तंतोतंत जुळलेला रंग पायरीवर कितीदा तरी वेगळाच निघतो.

कापड तेच, डोळे तेच, बदलला तो फक्त उजेड. म्हणजे ज्याला आपण कापडाचा रंग म्हणतो, तो एकट्या कापडाचा नसतो. कापडावर उजेड पडतो, त्यातला काही भाग कापड खाऊन टाकतं, आणि उरलेला आपल्या डोळ्यात शिरतो. तो उरलेला उजेड म्हणजे रंग. रंगाबद्दल कुठलाही घोळ झाला की दोनच प्रश्न विचारायचे: उजेडात मुळात काय काय होतं, आणि वस्तूनं त्यातलं काय खाल्लं?

सदाशिव पेठेत मी रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते. मुलांबरोबर, आणि बरेचदा त्यांना सोडायला आलेल्या आई-बाबांबरोबर, मी हे प्रयोग याच क्रमाने करते. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे. लागणारं सामान म्हणजे एक जुनी सीडी, मोबाइल, भिंग, तीन टॉर्च, रंगीत जिलेटिन पेपर, हळद, पानाला लावतात तो चुना, पांढरा खडू, गोडेतेल आणि जलरंगाच्या काही ट्यूब. घरात नसेल ते अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं.

पहिली पायरी: उजेड उलगडा

रात्री खोलीतला एकच दिवा लावा. सीडीची चकचकीत बाजू त्याच्याकडे करून, रंगांचे पट्टे दिसेपर्यंत हळूहळू तिरकी करत जा. सीडीवर एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर बारीक रेघा असतात, त्या उजेडातले घटक वेगवेगळ्या दिशांना फेकतात. १६६६ च्या सुमारास न्यूटननं लोलकातून सूर्यप्रकाश सोडून जे पाहिलं, तेच इथं तुमच्या हातात दिसतं. काच उजेडाला रंग चढवत नाही, रंग उजेडातच मिसळलेले असतात, हे सिद्ध करायला त्यानं त्यातला एकच रंग दुसऱ्या लोलकातून सोडला. तो रंग आणखी फुटला नाही, बदललाही नाही.

आता वेगवेगळे दिवे तपासा, खरी मजा त्यात आहे. जुन्या पिवळ्या बल्बचा पट्टा सलग दिसतो, फक्त निळ्या टोकाला फिका पडतो. जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब असेल तर पट्टा तुटक दिसतो: एक निळी रेघ, एक ठळक हिरवी, थोडी केशरी-लाल, आणि मधे काळोखी फटी. एलईडीमध्ये निळा झगझगीत, त्यानंतर एक खाच, मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरट पट्टा. पांढऱ्या एलईडीत खरं तर निळाच दिवा असतो, त्याच्यावरचा पिवळसर लेप काही निळ्याचं रूपांतर बाकीच्या रंगांत करतो. तिन्ही दिव्यांत कोरा कागद नुसत्या डोळ्यांना पांढराच वाटतो. सीडी मात्र दाखवते की तिघांच्या पोटात वेगवेगळा माल आहे. दिवसा बघायचं असेल तर खिडकीतून आकाशाकडे धरा, सूर्याचं प्रतिबिंब चुकूनही डोळ्यात घेऊ नका.

दुसरी पायरी: बेरीज

मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा आणि बोटाच्या टोकानं मोहरीएवढा पाण्याचा थेंब पडद्यावर ठेवा. डोळा जवळ न्या, गरज वाटली तर वरून भिंगही धरा. थेंबाखाली पांढरं काहीच नाही! लाल, हिरवे आणि निळे बारीक दाणे शेजारी शेजारी बसलेत. आता त्याच जागी लिंबाच्या रंगाचं चित्र आणा. निळे दाणे विझतात, लाल आणि हिरवे जळत राहतात. पडद्यात पिवळा दिवा कुठंच नाही. लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा दिसतो.

असं का, याचं उत्तर डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या असतात. उजेड तरंगांनी येतो: लाल टोकाचे तरंग लांब, निळ्या-जांभळ्या टोकाचे आखूड. एक प्रकार लांब तरंगांना जास्त दाद देतो, दुसरा मधल्यांना, तिसरा आखूड निळ्या-जांभळ्यांना. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) लांबीच्या तरंगांचा सगळा पसारा मेंदूपर्यंत तीन आकड्यांत पोहोचतो. खरा, एकाच तरंगलांबीचा पिवळा उजेड पहिल्या दोन प्रकारांना जेवढा चाळवतो, तेवढाच लाल-हिरव्याचा योग्य मेळही चाळवतो. मेंदूला दोन्ही सारखे. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये हेच धरून एका रंगीत फितीचे तीन काळे-पांढरे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या काचांमधून एकाच पडद्यावर टाकले आणि रंगीत चित्र उभं केलं. तुमचा मोबाइल आजही त्याच तत्त्वावर चालतो.

यानंतर तीन टॉर्चवर लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन पेपर रबर लावून बसवा आणि अंधारात पांढऱ्या भिंतीवर तिन्ही झोत एकमेकांवर आणा. निळा कागद उजेड फार अडवतो, म्हणून बाकीच्या दोघांवर कागदाचा दुहेरी पदर घ्यावा लागतो. झोत जमले की भिंत पांढरट होते. मग भिंतीजवळ बोट धरा. एका बोटाच्या तीन सावल्या पडतील आणि एकही काळी नसेल. लाल टॉर्च अडली तिथं हिरवा-निळा उरून मोरपिशी सावली, हिरवी अडली तिथं राणी रंगाची, निळी अडली तिथं पिवळी. मुलं या सावल्यांपाशी बराच वेळ रमतात, आणि मीही त्यांना रमू देते, कारण पुढची सगळी पायरी या तीन सावल्यांत लपलेली आहे.

तिसरी पायरी: वजाबाकी

मोरपिशी, राणी, पिवळा. छापखान्यात यांना सायन, मॅजेंटा, यलो म्हणतात. रविवारच्या पुरवणीतला रंगीत फोटो भिंगाखाली धरा, याच तीन रंगांचे आणि काळ्याचे ठिपके दिसतील. पडद्याला लाल-हिरवा-निळा लागतो कारण तो अंधारात उजेड ओततो. कागदाला सायन-मॅजेंटा-यलो लागतात, कारण कागद मुळातच पांढरा असतो, सगळा उजेड परत पाठवत असतो, आणि शाईला त्यातून एकेक भाग काढून घ्यायचा असतो. सायन लाल खातो, मॅजेंटा हिरवा खातो, पिवळा निळा खातो. पुण्यात रंगीत छपाईची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये इथं चित्रशाळा हा छापखाना सुरू केला, तेव्हाची शिळाछापातली देवादिकांची चित्रं प्रत्येक रंगाचा वेगळा दगड करून, एकावर एक ठसे देऊन निघत. ठसा एक केसभर सरकला तरी चित्र बिघडायचं.

खिडकीवर पिवळा आणि फिका निळा जिलेटिन पेपर एकमेकांवर धरा. पिवळ्यानं निळा भाग काढला, निळ्यानं लाल भाग काढला, दोघांच्या तावडीतून सुटला तो हिरवा. शाळेत घोकलेलं "पिवळा अधिक निळा बरोबर हिरवा" यातली अधिकाची खूण चुकीची आहे. ती वजाबाकी आहे. गडद लाल कागदावर गडद हिरवा ठेवलात की जवळजवळ काळं होतं. टॉर्चच्या झोतात हेच दोघे पिवळा करत होते. या दोन प्रयोगांतला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही.

खाणं म्हणजे नक्की काय, हे स्वयंपाकघरात बघायला मिळतं. बशीत चिमूटभर हळद पाण्यात कालवा. हळदीतलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड शोषतं, म्हणून ती पिवळी. आता तिच्यात बोटाच्या टोकावर येईल एवढा चुना मिसळा. डोळ्यांदेखत लाल! चुन्याच्या अल्कधर्मामुळे कर्क्युमिनच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि त्याची भूक हिरव्याकडे सरकते. हिरवाही खाल्ला गेला की उरतो लाल. घरोघरचं पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं, ते याच गुणावर. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, त्यामागेही हेच कारण.

चौथी पायरी: ट्यूबमधला रंग

वर्गात सगळ्यात जास्त डोळे पाणावतात ते इथं. मूल निळा आणि पिवळा मिसळतं, हिरवंगार रान हवं असतं, आणि पॅलेटवर गढूळ शेवाळ येतं. चूक मुलाची नसते. "निळा" हे नाव एका रंगाचं नाही.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. चांगल्या दर्जाच्या रंगांवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ३ लेमन पिवळा, पीआर १२२ मॅजेंटा, पीडब्ल्यू ६ टायटॅनियम पांढरा. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही. एकाच ट्यूबवर तीन-चार क्रमांक दिसले तर तो आधीच कालवलेला रंग आहे, मिसळायला घेऊ नका.

थॅलो निळा लाल भाग जवळजवळ पूर्ण खातो, पण निळ्याबरोबर हिरवा भरपूर परत पाठवतो. लेमन पिवळा निळा खातो, हिरवा परत पाठवतो. दोघांच्या शिलकीत हिरवा आहे, म्हणून मिश्रण पोपटाच्या पंखासारखं लखलखीत येतं. अल्ट्रामरीन मात्र हिरवा फारसा परत पाठवत नाही, त्याचा कल जांभळ्याकडे. त्याच्यात आंब्यासारखा केशरी झाकेचा पिवळा घातला की शिलकीत हिरवा थोडाच, बाकी सगळं थोडं थोडं खाल्लेलं. त्यालाच आपण मळका हिरवा म्हणतो. तो टाकाऊ नाही. पावसाळा संपल्यावर वेताळ टेकडीवरचं वाळायला लागलेलं गवत रंगवायला मला तोच लागतो. फक्त तो चुकून यायला नको, ठरवून यावा.

करून बघायची रीत अशी. कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोन करा. वर दोन निळे, डावीकडे दोन पिवळे. प्रत्येक चौकोनात आधी पिवळा घ्या आणि निळा ब्रशच्या टोकावर येईल एवढाच त्यात सोडा, कारण थॅलो फार जोरकस आहे, आधी निळा घेतलात तर पिवळ्याची ट्यूब रिकामी होईल. चार चौकोन, चार हिरवे, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. याच पद्धतीनं लाल-निळ्याचे करा. शेंदरी लाल आणि अल्ट्रामरीनमधून वांग्याचा मळकट रंग येईल, मॅजेंटा आणि अल्ट्रामरीनमधून खरा जांभळा. तक्ता वाळला की प्रत्येक चौकोनाखाली क्रमांक लिहा आणि तो भिंतीवर चिकटवा. विकत मिळणाऱ्या कुठल्याही रंगचक्रापेक्षा तो जास्त कामाचा आहे, कारण तो तुमच्याच ट्यूबांचा आहे.

दोन गोष्टी सांभाळा. एका मिश्रणात शक्यतो दोनच रंगद्रव्यं घ्या. तिसरं आलं की खाणारी तोंडं वाढतात आणि उरतं कमी. आणि सावलीसाठी काळ्याकडे धावू नका. पिवळ्यात काळा घातला तर सावली नाही, शेवाळी हिरवा मिळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी मातकट रंग) मिसळून बघा. जो करडा येतो तो ओल्या काळ्या दगडाचा, पावसात भिजलेल्या वाड्याच्या जोत्याचा असतो.

पांढरा आणि ओला

पांढऱ्या पुडीत पांढरा रंग असा काही नसतो. खडू कुटून पूड करा, एका बशीत कोरडी ठेवा, दुसरीत गोडेतेल घालून कालवा. तेलातली पूड पांढरेपणा सोडून राखाडी, अर्धपारदर्शक होते. कोरडी होती तेव्हा कणांभोवती हवा होती. हवा आणि खडू यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे उजेड वाकवण्याच्या ताकदीत, मोठा फरक, म्हणून प्रत्येक कणावर उजेड उलटसुलट फेकला जाऊन सगळा परत येत होता. तेलाचा अपवर्तनांक खडूच्या जवळचा, म्हणून उजेड सरळ आत जातो. म्हणूनच तैलरंगात आणि घराच्या ऑइलपेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड लागतो, त्याचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, म्हणजे तेलापेक्षा बराच जास्त आहे. ओली साडी, ओली फरशी, ओली रांगोळी गडद दिसते तीही यामुळेच: पाणी भरल्यावर उजेड आत जास्त खोल शिरतो आणि जास्त खाल्ला जातो. जलरंग ओला असताना ठरवू नका. वाळल्यावर तो हमखास फिका पडतो.

पांढऱ्या कपड्यांना देतात त्या नीळ पुडीत अल्ट्रामरीनच असायचा, चित्रकाराच्या ट्यूबमधलाच. जुनं कापड निळा भाग खाऊन पिवळट होतं, नीळ पिवळा भाग खाते, आणि सगळेच भाग सारखे उरल्यामुळे डोळ्याला ते शुभ्र वाटतं. म्हणजे नीळ दिलेलं धोतर प्रत्यक्षात आधीपेक्षा कमी उजेड परत पाठवत असतं!

दिवा निवडताना

खोक्यावर दोन आकडे बघा. केल्विनचा आकडा उजेडाची झाक सांगतो: २७०० पिवळसर, ६५०० निळसर. पण रंगांसाठी महत्त्वाचा दुसरा, सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा. शंभरपैकी तो किती, यावरून पट्ट्यात किती फटी आहेत याचा अंदाज येतो. जिथं चित्र काढता, शिवणकाम करता, तिथं ९० किंवा जास्तच घ्या. साध्या एलईडीचा बहुधा ८० च्या घरात असतो आणि त्यात लाल भाग कमी पडतो, म्हणून टोमॅटो निस्तेज आणि माणसं आजारी दिसतात.

चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात, कारण तिथं ऊन थेट येत नाही. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पांढरा पडदा लावा.

डोळ्याची दमछाक आणि शेजारधर्म

लाल कुंकवाच्या पुडीकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. भिंतीवर मोरपिशी डाग तरंगेल. लाल ओळखणाऱ्या पेशी दमल्या, बाकीच्यांचं पारडं जड झालं. दुकानात सलग चार लाल साड्या पाहिल्यावर पाचवी हिरवी नको तेवढी हिरवी वाटते ती यामुळे. मधे थोडा वेळ रस्त्याकडे बघा.

शेजारचा रंगही खोड्या करतो. पॅरिसमधल्या गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई सांभाळायचा. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली, त्यानं धागा तपासला, तो चोख होता. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. १८३९ मध्ये त्यानं त्याचा नियमच मांडला: शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात.

पुन्हा दुकानाच्या पायरीवर

माझ्या भाचीच्या लग्नात तिच्या जांभळ्या साडीवरचं ब्लाउज मी जुळवून आणलं होतं, दुकानातल्या ट्यूबखाली. कार्यालयातल्या पिवळ्या हॅलोजनमध्ये साडी जांभळीच राहिली, ब्लाउज तपकिरी झालं. सगळ्या फोटोंत ते तसंच आहे. दोन कापडांत दोन वेगळी रंगद्रव्यं, दोघांची खाण्याची रीत वेगळी, पण एका दिव्याखाली शिल्लक योगायोगानं सारखी. दिवा बदलला आणि योगायोग संपला.

म्हणून आता मी असं करते. कापड आधी दुकानातल्या दिव्यात बघायचं, मग पायरीवर, पण थेट उन्हात नाही, सावलीत. मग पर्समधला छोटा पिवळा टॉर्च लावून, कारण समारंभ बहुतेक संध्याकाळी असतात. तिन्हीकडे जुळलं तरच कापायला सांगायचं. काठाला लावून बघताना भोवतीचा पदर दुमडून झाकायचा, नाहीतर पदराचा रंग कापडाला ढकलतो. नेव्ही ब्लू आणि काळा, मरून आणि वांगी या जोड्या पिवळ्या दिव्यात हमखास फसवतात, त्या फक्त दिवसा घ्यायच्या.

धूपछाव साडी असेल तर वेगळी रीत. तिचा उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. निळा-हिरवा असेल तर तिला मोरपंखी म्हणतात. खुद्द मोराच्या पिसात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतं. तिथं मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात आणि त्या अंतरामुळे ठरावीक तरंगच बळकट होऊन परततात. पीस कुटलं तर हाती काळपट पूड येते. साडीत मात्र दोन्ही रंग खरे आहेत, म्हणून पदराच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून वेगवेगळे बघा, आणि ब्लाउज त्या दोघांपैकी एकाला जुळवा. घडी घातलेल्या साडीला जुळवायला गेलात तर ती नेसल्यावर प्रत्येक पावलाला वेगळी दिसेल.

आणि शिंप्याकडून उरलेली चिंधी मागून घ्या. तिच्यावर साडीचं नाव लिहून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी बांगड्या घ्यायला तुळशीबागेत जाल तेव्हा ती काढायची, कारण दुकानापासून घरापर्यंत छटा नेमकी लक्षात ठेवणं कुणालाच जमत नाही.